हायड्रोजनच्या गाडीची आग विझवण्याची घाई का नको?

आग दिसली की पाण्याचा मारा सुरू करायचा, हे अग्निशमन दलाच्या जवानाच्या अंगवळणी पडलेले असते; हायड्रोजन फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या संचावर, चालणाऱ्या वाहनाच्या अपघातात मात्र नेमकी हीच सवय आवरावी लागते.

टोयोटा मिराई किंवा ह्युंदाई नेक्सो यांसारख्या मोटारींत पाच-सहा किलो हायड्रोजन 700 बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 700 पट दाबाखाली, कार्बन तंतूंच्या वेष्टनातील टाक्यांमध्ये साठवलेला असतो. टक्कर झाल्याचे संवेदकांना कळताच टाकीची झडप आपोआप बंद होते. खरा धोका उद्भवतो तो गाडीच पेटली तर, कारण उष्णतेने टाकीचे वेष्टन कमकुवत होत जाते. ती फुटण्याआधी रिकामी व्हावी म्हणून तिला एक सुरक्षा झडप बसवलेली असते. झडपेपाशी तापमान सुमारे 110 अंश सेल्सिअसवर गेले की ती उघडते आणि पुन्हा मिटत नाही. बाहेर पडणारा वायू बहुधा लगेच पेट घेतो, आणि काही मीटर लांबीचा ज्वालाझोत काही मिनिटे मोठ्या आवाजासह जळत राहतो. म्हणून त्या झोताच्या संभाव्य दिशेने गाडीजवळ जायचे नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या झडपेवर पाणी मारायचे नसते, कारण ती थंड राहिली आणि टाकीचा दुसरा भाग भाजत राहिला, तर वायूला सुटकेची वाटच उरत नाही.

झोत विझवला तर काय बिघडेल? गळती चालू असताना ज्योत गेली, तर न जळलेला वायू हवेत मिसळू लागतो. हवेत 4 ते 75 टक्के इतक्या विस्तृत प्रमाणात हायड्रोजन पेटू शकतो, आणि त्यासाठी लागणारी ठिणगी मिथेनला लागणाऱ्या ठिणगीच्या दहाव्या हिश्शाहूनही दुबळी असली तरी पुरते. म्हणजे नियंत्रित ज्वालेच्या जागी स्फोटाची शक्यता आपणच निर्माण करतो. त्यापेक्षा टाकी रिकामी होईपर्यंत झोत जळू द्यावा आणि आजूबाजूची वाहने व इमारती पाण्याने थंड ठेवाव्यात, हेच शहाणपणाचे.

अडचण अशी की ही ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही, आणि तिची धगही दुरून फारशी जाणवत नाही. नासाचे तंत्रज्ञ एकेकाळी चक्क केरसुणी पुढे धरून चालत. ती पेटली की ज्वाला कुठे आहे ते कळे. आज हे काम औष्णिक कॅमेरा करतो. गळतीचा वासही येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळतात तसले गंधकयुक्त द्रव्य फ्युएल सेलमधील प्लॅटिनमला निकामी करते, त्यामुळे वायुशोधक यंत्राला पर्याय नाही. या गाड्यांतही उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी तारा असतात; गाडी कापताना त्यांना हात लावायचा नसतो, हे विजेवरील गाड्यांमुळे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे.

उघड्यावर हायड्रोजनचा हलकेपणा जवानांच्या मदतीला येतो: हवेच्या चौदाव्या हिश्शाइतक्या घनतेचा हा वायू झपाट्याने वर निघून जातो. छताखाली तोच गुण उलटतो. मार्च 2025 मध्ये टाटा मोटर्सने हायड्रोजनवरील मालमोटारींच्या चाचण्या सुरू केल्या, त्यांत मुंबई-पुणे परिसरातील मार्गही आहेत, आणि या दोन शहरांमधल्या द्रुतगती मार्गावर बोगदे आहेत. बोगद्यात सुटलेला वायू छताला लागून साचू शकतो. म्हणून तेथे आधी माणसे बाहेर काढणे, वायुवीजन चालू ठेवणे आणि छताजवळच्या हवेची तपासणी झाल्याखेरीज आत न शिरणे, हा क्रम पाळावा लागतो.