मुरलेला रस्सा

चैत्र लागला की साताऱ्याकडं गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी खारा नैवेद्य, म्हणजे मटणाचा. चुलीवर भलंमोठं पातेलं चढतं, पाहुणे जेवून जातात आणि उरलेला रस्सा झाकून तिथंच राहतो. सकाळी तो ‘मुरलाय’ म्हणून भाकरी चुरून आणखी चवीनं खाल्ला जातो. पहाटे त्या पातेल्याच्या बुडाला हात लावून बघा, अजून कोमट लागतं.

सगळा घोटाळा त्या कोमटपणात आहे. मटणात बऱ्याचदा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जिवाणू असतो. उकळीत तो मरतो, पण त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्याचं रूप, तगतात आणि रस्सा कोमट झाला की जागे होतात. या जिवाणूला ऑक्सिजन नकोच असतो आणि तो उकळीनं निघून गेलेला, म्हणजे आयतीच सोय. ४३ ते ४५ अंशांवर दहाएक मिनिटांत एकाचे दोन होतात. या वेगानं साडेतीन तासांत एकाचे दहा लाख. वासावरून काही कळत नाही.

सकाळी रस्सा खदखदून उकळला तर हे जिवाणू मरतात, नुसता ‘गरम केला’ तर नाही. भाताचं आणि खव्याचं मात्र वेगळं. भातातला बॅसिलस सेरियस किंवा हातावरून खव्यात उतरलेला स्टॅफिलोकोकस यांनी एकदा विष केलं, की ते उकळूनही जात नाही.

म्हणून आमच्याकडं आता जेवणं उरकली की रस्सा परातींत पसरतात, तीन बोटांहून उथळ. निवला की फ्रिजमध्ये. दोन तासांच्या आत, वैशाखात तासाभरातच. चुलती कुरकुरते, फ्रिजमध्ये रस्सा मुरत नाही म्हणून. मुरतो, फक्त एकटा मुरतो.

पोट बिघडलं की आपण शेवटच्या घासाला दोष देतो. घड्याळ बघावं. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा तयार विष. सहा ते चोवीस तासांनी मुरडा आणि जुलाब, ताप नाही, तर रश्शावर संशय घ्यावा. ताप असला तर साल्मोनेलासारखे जिवाणूही असू शकतात, आणि ते जेवण दोन-तीन दिवसांपूर्वीचंही असेल.

ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट-घोट पाजत राहा. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी बंद किंवा मूल मलूल दिसलं तर जुलाब थांबवायची गोळी घरीच देऊ नका, थेट दवाखाना गाठा. तिथं काय खाल्लं याबरोबर किती वाजता खाल्लं तेही सांगा.