१९१७ ची गिनी महाग, १९२५ ची का नाही?

घरात जुनी गिनी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, निघाली की साल बघितलं जातं. संग्राहक आधी टांकसाळ बघतात. गिनीच्या एका बाजूला घोडेस्वार असतो, त्याच्या घोड्याच्या खुरांखाली जमिनीची बारीक पट्टी असते; तिच्यावर, सालाच्या अगदी वर, भिंगातून ‘आय’ अक्षर दिसलं तर गिनी मुंबईत पाडलेली. त्या काळच्या गिनीवर ही जागा कोरी असेल, तर लंडनची.

पहिल्या महायुद्धात बोटीने सोनं आणणं धोक्याचं झालं होतं. तेव्हा मुंबईच्या टांकसाळीतच लंडनच्या टांकसाळीची शाखा निघाली. १९१८ हे साल घातलेल्या सुमारे १३ लाख गिन्या पाडून ती १९१९ मध्ये बंदही झाली. लंडनने १९१७ मध्ये दहा लाखांवर गिन्या पाडल्या होत्या, म्हणजे आकडे फार लांबचे नाहीत. पण लंडनच्या बहुतेक गिन्या युद्धाच्या देण्यापोटी अमेरिकेला जाऊन वितळल्या, असं मानलं जातं. मुंबईच्या उरल्या. त्यामुळे कोऱ्या पट्टीच्या १९१७ ला मोठी किंमत येते आणि तिच्या नकलाही पुष्कळ फिरतात. त्याच सालाची, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या किंवा पर्थच्या टांकसाळीची गिनी मात्र सहज मिळते.

१९२५ चा घोळ याहून वाईट. त्या वर्षी लंडनने ३५ लाखांवर गिन्या पाडल्या. पुढे १९४९, १९५१ आणि १९५२ मध्ये आणखी ८ लाख ८६ हजार पाडल्या, त्याही १९२५ चंच साल घालून. गादीवर दुसरा राजा, नाण्यावर १९३६ मध्ये वारलेल्या राजाचा मुखवटा! काही गिन्यांची गरज होती आणि सोन्याचं नाणं पाडणाऱ्या कारागिरांचा हात सुटू नये, अशी कारणं दिली जातात. ती पटण्यासारखी आहेत. जुनं साल घालणं पटत नाही. सरकारी टांकसाळीनेच पाडल्यामुळे त्यांना खोटं म्हणता येत नाही, आणि साल तर खरं नाही. सोनं तेच, २२ कॅरट, वजनही तेच, ७.९८ ग्रॅम. मूळ कुठली आणि नंतरची कुठली, हे सांगणारी सोपी खूण नाही. म्हणून १९२५ ची गिनी साधारण सोन्याच्या भावानेच जाते. १९५७ पासून चालू सालाच्या, नव्या राणीच्या गिन्या निघाल्या.

आपल्याकडे माळेत ओवण्यासाठी कड्या जोडलेल्या गिन्या बऱ्याच आहेत. डाख लागलेली गिनी मुंबईची असो की लंडनची, सराफ ती वजनावरच घेतो.