2,14,74,83,647: मूळ संख्या आणि संगणकाची वेस

दोनाच्या 31व्या घातातून 1 वजा केला की ही संख्या मिळते. अशा वजाबाकीतून मूळ संख्या (फक्त 1 ने आणि स्वतःनेच भाग जाणारी) देणाऱ्या घातांकांची यादी 1644 साली एका फ्रेंच धर्मगुरूने छापली. त्यातले 67 आणि 257 पुढे चुकीचे ठरले, तर 61, 89 आणि 107 त्याच्या नजरेतून सुटले होते. 31 टिकला, पण सिद्धतेला 1772 उजाडावे लागले. 46,340 पर्यंतच्या, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, सगळ्याच मूळ संख्यांनी भागून पाहायची गरज नव्हती. मूळ भाजक असलाच, तर त्याला 248 ने भागून बाकी 1 किंवा 63 च उरायला हवी. म्हणून पहिला उमेदवार थेट 311.

आज ही संख्या ओळखली जाते ती संगणकातल्या 32 बिटांच्या (0-1 च्या 32 घरांच्या) चिन्हासहित, म्हणजे एक बिट अधिक-उणे चिन्हाला देणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून. ती मूळ आहे हा निव्वळ योगायोग. 16 बिटांची मर्यादा 32,767 म्हणजे 7 × 31 × 151, आणि 64 बिटांच्या मर्यादेला तर 7 ने दोनदा भाग जातो.

खरा वाद आहे तो एक बिट चिन्हासाठी खर्च करण्याचा. युनिक्स या संगणक प्रणालीत वेळ म्हणून 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद चिन्हासहित मोजायचे ठरले, त्यामुळे मागे डिसेंबर 1901 पर्यंत जाता आले. पुढची हद्द मात्र 19 जानेवारी 2038 ला, भारतीय वेळेनुसार सकाळी 8:44:07 वाजता संपते. पुढच्याच सेकंदाला मोजणी −2,14,74,83,648 वर उडी घेते. चिन्ह वगळले असते तर 2106 पर्यंत निभावले असते, असे टीकाकार म्हणतात. पण तेव्हा युनिक्सच्या सी या प्रोग्रॅमिंग भाषेत चिन्हरहित पूर्णांकच नव्हता, शिवाय दोन वेळांची वजाबाकी ऋण येऊ शकते आणि −1 ही चूक झाल्याची खूण म्हणून वापरात होती. चिन्हाला दोष देणे अन्यायाचे आहे. अपुरी पडली ती बिटांची रुंदी.

आपल्याकडे या मर्यादेची गाठ जास्त वेळा पडते ती मोबाइल नंबरांमुळे. 6 ते 9 ने सुरू होणारा कोणताही दहा अंकी नंबर डेटाबेसच्या इंट (32 बिटांचा पूर्णांक) रकान्यात मावतच नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्ट्रिक्ट मोड (न मावणारी किंमत नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर एरर येत नाही, नुसती वॉर्निंग येते आणि सगळ्या ग्राहकांपुढे 2147483647 हाच नंबर साठतो. चिन्हरहित इंट घेतला तरी तेच, फक्त आकडा 4294967295 होतो. बिगइंटमध्ये (64 बिटांच्या पूर्णांकात) नंबर मावतो, पण सुरुवातीचे शून्य आणि +91 मधले अधिक चिन्ह गळते. हा रकाना वारचारच, म्हणजे मजकुराचाच, असावा.