इंजिनाच्या कव्हरचे लॅच आणि उशिरा आलेली किल्ली

९ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईहून भुजला निघालेल्या एटीआर ७२ विमानाच्या एका इंजिनाचे वरचे कव्हर उड्डाण घेतानाच निखळले आणि धावपट्टीलगत पडले. विमानात ७० जण होते. उघड्या इंजिनानिशी ते भुजला सुखरूप उतरले. कव्हर घट्ट बंद ठेवणारे लॅच, म्हणजे खटके, नीट लागलेले नव्हते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. सांगली-मिरजेच्या वाचकाने ही बातमी दूरची समजू नये. आपण विमानासाठी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर जातो, तिथे याच जातीची विमाने येत आली आहेत. पुणे गाठणाऱ्याच्या वाट्याला बऱ्याचदा एअरबस ए३२० येते. कव्हरच्या प्रश्नाचा खरा इतिहास घडला तो या ए३२०च्या बाबतीत.

त्याआधीचे थोडक्यात. १९२८च्या सुमारास अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने इंजिनाभोवती नीट आकाराचे कव्हर बसवून पाहिले. एका प्रवासी विमानाचा वेग त्यामुळे ताशी सुमारे २५० किलोमीटरवरून २८५वर गेला. पुढे जेट इंजिने आली आणि कव्हरवर आणखी कामे पडली. आग लागलीच तर ती आतच कोंडून ठेवणे आणि विझवणारा वायू तिथेच टिकवणे, हे त्यातले सर्वांत मोलाचे. म्हणूनच कव्हर उडून गेले की नुसता पत्रा गेला असे होत नाही.

ए३२०च्या पंख्याभोवतीच्या कव्हरला दोन दारे असतात आणि त्यांचे लॅच इंजिनाच्या तळाशी. इंजिन जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच, त्यामुळे लॅच पाहायचे तर वाकून चालत नाही, जवळजवळ झोपावे लागते. रात्रपाळी, पाऊस, पुढच्या विमानाची घाई, यात ते किती वेळा होईल? १९९०च्या दशकापासून दारे उडाल्याच्या तीसहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. दर वेळी कारण तेच: दुरुस्तीनंतर दार लोटले, लॅच राहिले.

त्यावर उपाय झाले नाहीत असे नाही. लॅचला भडक रंग दिला गेला. लॅच न लावलेले दार थोडे उघडे राहावे, म्हणजे फट दिसेल, असा आधार बसवला गेला. सूचना निघाल्या, प्रशिक्षण झाले. पण या साऱ्याचा भार शेवटी माणसाच्या नजरेवरच राहिला. यंत्राची रचना तशीच ठेवून मेकॅनिकला अधिक सावध राहायला सांगण्याचा हा निर्णय माझ्या मते चुकीचा होता आणि तो फार वर्षे चालू दिला गेला. त्याच्या बाजूनेही एक मुद्दा होता, तो नोंदवायला हवा: या घटनांत कोणाचा जीव गेला नव्हता, आणि हजारो विमानांत बदल करणे खर्चाचे होते.

२४ मे २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर हा मुद्दा लंगडा पडला. ए३२०च्याच कुटुंबातल्या ए३१९ विमानाच्या दोन्ही इंजिनांची दारे उड्डाणातच उडाली. उडालेल्या भागांनी इंधनाची नळी फोडली आणि उजव्या इंजिनाला आग लागली. विमान परतले, ८० जण बचावले. तपासात रात्रीची साखळी उलगडली. दोन तंत्रज्ञांनी दारे उघडली, तेल आणायला गेले, आणि परतताना चुकून त्याच जातीच्या दुसऱ्या विमानापाशी पोचले. तिथली दारे बंद दिसली, तेव्हा ती कोणीतरी लावली असतील असे त्यांना वाटले. सकाळी सहवैमानिकाने फेरी मारली, त्यालाही सुटे लॅच दिसले नाहीत. कॉकपिटमध्ये इशारा देणारा दिवा नव्हताच. ही सारी माणसे निष्काळजी होती असे म्हणणे सोपे आहे, पण ती थकलेली होती, आणि रचना त्यांच्या मदतीला नव्हती.

२०१६ मध्ये युरोपच्या विमान-सुरक्षा नियामकाने किल्लीचे लॅच बसवण्याचे आदेश द्यायला सुरुवात केली. दार उघडायला किल्ली लावावी लागते, तिला लाल फीत लटकते, आणि लॅच पक्के बसल्याशिवाय किल्ली निघत नाही. काम झाले की ती कॉकपिटमध्ये तिच्या जागी ठेवायची. जागा रिकामी दिसली की वैमानिकाला कळते. एवढी साधी युक्ती! तीही अमलात आणायला काही वर्षांची मुदत मिळाली.

दरम्यान वेगळ्याच वाटेने जीव गेला. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत बोइंग ७३७च्या इंजिनातले पंख्याचे पाते तुटले, कव्हर फाटले, त्याच्या तुकड्याने खिडकी फुटली आणि एक प्रवासी दगावली. तिथे लॅच लावायला कोणी विसरले नव्हते, कव्हरची ताकदच अपुरी पडली. तपासाअंती कव्हरची रचना बदलण्याची शिफारस झाली. ७ एप्रिल २०२४ रोजी डेन्व्हरहून निघालेल्या ७३७चे कव्हर उड्डाण घेताना फाटून पंखाच्या फ्लॅपवर, म्हणजे मागच्या हलत्या भागावर, आदळले, विमान परतले.

किल्लीचे आदेश ए३२०च्या कुटुंबापुरते होते. मुंबई-भुजचे एटीआर त्यात बसत नव्हते. सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची मागणी करताना आपण धावपट्टीच्या लांबीवर तावातावाने बोलतो. तिथे रात्री विमानाची देखभाल कोण करणार, त्यांना किती उजेड आणि किती वेळ मिळणार, आणि लॅच लागल्याची खातरजमा दुसरा माणूस करणार का, हे प्रश्नही त्याच निवेदनात असायला हवेत.