चित्रगुहेच्या डोक्यावरचे पाणी

नैऋत्य फ्रान्समधली, आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४० साली सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि पंधरा वर्षांत बंद करावी लागली. दिवसाला हजारावर माणसे आत जात. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, दमटपणा आणि दिव्यांचा उजेड यांमुळे भिंतींवर शेवाळ चढले, कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाचा पांढरा थर धरू लागला. १९६३ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ती बंद केली. तरी २००१ मध्ये, पर्यटकांची वर्दळ नसताना, आत बुरशी पसरली.

आतल्या हवेवर लक्ष ठेवणे गरजेचेच होते. पण चुनखडीतल्या गुहेचे दैव मला वाटते बरेचसे वरून येणाऱ्या पाण्याच्या हाती असते. पावसाचे पाणी मातीतून उतरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्ल होते आणि खडक विरघळवत भेगांतून खाली येते. गुहेत पोचल्यावर त्यातला वायू निसटला, की कॅल्साइट चित्रावरच बसते. वायू पाण्यात टिकून राहिला तर भिंत झिजते. स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेत तर चित्रे छतावरच आहेत आणि पाणी त्याच छतातून ठिबकते. म्हणून वरच्या खडकात पाणी कुठे साठते, कधी उतरते, हे कळायला हवे. भोक पाडून पाहावे, तर पाण्याला नवी वाट मिळते.

वाट काढली ती खनिजे शोधण्यासाठी जन्मलेल्या एका तंत्राने. १९१२ मध्ये फ्रेंच भूभौतिकतज्ज्ञ कोनराड श्लुंबर्जे यांनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून पृष्ठभागावरचा विद्युतदाब मोजला. कोरडी चुनखडी विजेला अडवते, ओली माती तिला सहज वाट देते. पुढे एकाच ओळीत अनेक इलेक्ट्रोड (वीज सोडण्या-मोजण्याच्या धातूच्या सळ्या) रोवणारी उपकरणे आली, संगणक आले आणि त्या आकड्यांतून जमिनीचे उभे छेदचित्र काढता येऊ लागले.

बोर्दोच्या संशोधकांनी हेच लास्कोच्या वरच्या जमिनीवर केले. एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजणी केली, की खडकाची घडण तीच राहते, बदलते ते पाणी. म्हणून एका सुट्या छेदचित्रापेक्षा दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या छेदचित्रांतला फरक जास्त बोलका. मात्र फसगतही होते. चिकणमाती आणि पाणी विजेला सारखेच भासतात, आणि तापमान एका अंशाने वाढले तर रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याचा गुण, साधारण २ टक्क्यांनी घटते. त्यामुळे हे आकडे पाऊस, जमिनीचे तापमान आणि गुहेत येणाऱ्या पाझराचा प्रवाह यांच्या नोंदींशेजारी ठेवूनच वाचावे लागतात.