हजेरी, उचल आणि काटा : ग्रामीण विदर्भातील व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत विदर्भाच्या खेड्यापाड्यांत माणसांकडून काम करवून घेणाऱ्यांची एक नवी पिढी उभी राहिली आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी, बचत गटांच्या लोकसंचालित साधन केंद्राची व्यवस्थापक, आशा स्वयंसेविकांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातला सुपरवायझर ही सारी त्या पिढीची माणसे आहेत. त्यांच्यासाठी नेतृत्व आणि संघबांधणीची प्रशिक्षणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण या प्रशिक्षणांत गृहीत धरलेले कामाचे ठिकाण बहुधा शहरातले कार्यालय असते, जिथे पगार ठरलेल्या तारखेला खात्यात जमा होतो आणि साहेब व कर्मचारी संध्याकाळी वेगवेगळ्या वस्त्यांत परततात. विदर्भातल्या गावात माणसांवर नेमलेला माणूस म्हटला की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो तो मुकादम, आणि त्याच्याविषयीचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. नव्या व्यवस्थापकाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात आणि त्याने काय केले म्हणजे विश्वास बसतो, हे समजून घ्यायचे तर हा अनुभव कसा घडला ते पाहावे लागते.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत खामगाव, अकोला, अमरावती, हिंगणघाट, पुलगाव अशा गावांत सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने उभे राहिले. हा धंदा हंगामी होता. दिवाळीच्या सुमारास भोंगा वाजायचा तेव्हा एकदम शेकडो माणसे हवी असायची आणि उन्हाळा तापला की तीच नकोशी व्हायची. मालक बहुधा बाहेरचा, त्याला ना गावे ठाऊक, ना माणसे. मजूर गोळा करणारा, त्यांना कामावर उभे करणारा आणि हंगाम संपेपर्यंत टिकवून धरणारा मुकादम या गरजेतून आला.

मुकादमाच्या हातात तीन गोष्टी होत्या. कोण कामावर आला आणि कोण नाही हे तो लिहीत असे, म्हणजे हजेरी त्याची. अडीनडीला आगाऊ पैसे तो देत असे, म्हणजे उचल त्याची. आणि काम अंगावर असेल तिथे माप त्याचे, म्हणजे काटाही त्याचाच. एकेकटी पाहिली तर यातली प्रत्येक गोष्ट कामाच्या सोयीचीच आहे. तिन्ही एकाच मुठीत आल्या की मात्र मजुराला तोंड उघडायला जागा उरत नाही, कारण वजनाबद्दल तक्रार करणाऱ्याचा उद्याचा खाडा आणि परवाची उचल त्याच माणसाच्या मर्जीवर असते. विदर्भाच्या ग्रामीण भागात चांगले व्यवस्थापन म्हणून जे काही रुजले, त्याचा इतिहास माझ्या मते या तीन गोष्टी एका हातातून सुटून चारचौघांत येण्याचा इतिहास आहे.

काटा पहिल्यांदा उघड झाला तो शेतकऱ्यासाठी. १८८६ मध्ये कारंजा येथे, वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यात बाजार समिती आली, दलाल आणि मापारी यांना परवाने आले. इंग्रजांना गिरण्यांसाठी कापूस सुरळीत हवा होता हे खरे, तरीही मापाचे काम करणाऱ्याला परवाना हवा आणि त्याच्यावर समिती हवी, हा विचार या मातीत इतका जुना आहे याची नोंद घ्यायला हवी. मजुराचा काटा मात्र शेतातच राहिला, आणि बऱ्याच ठिकाणी तो अजून तिथेच आहे. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी धुऱ्यावर बाया आपापली गाठोडी घेऊन ओळीने बसतात. काटा निंबाच्या फांदीला टांगलेला असतो. अंधार पडत आलेला, घरी चूल पेटवायची घाई, आणि शेवटच्या चार-पाच गाठोड्यांचे वजन घाईघाईत होते. भांडण होते ते नेमके त्यांवरूनच. ज्या टोळीची मुकादमीण प्रत्येक आकडा मोठ्याने सांगते आणि टोळीतल्याच शिकलेल्या पोरीला वहीत उतरवून घ्यायला लावते, त्या टोळीतल्या बाया पुढच्या वर्षीही तिच्याचकडे येतात. व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्यांनी ही संध्याकाळ एकदा तरी पाहावी.

हजेरीच्या बाबतीतला जुना आणि वेगळा प्रयोग नागपुरात झाला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि तिचे व्यवस्थापन पाहणारे बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते; गिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. खेड्यातून आलेला कामगार पेरणीला, लग्नसराईला, जत्रेला गावी जायचा आणि यंत्रे रिकामी राहायची. अशा वेळी दंड हा सरधोपट उपाय होता. या गिरणीने नियमित हजेरीला बक्षिसे दिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची योजना आणली. गैरहजेरी हा दोष मानण्याऐवजी तिचे कारण शोधण्याचा हा मार्ग होता. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी कामाच्या शास्त्रशुद्ध मोजमापाचा सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला तो १९११ मध्ये, आणि शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड, विश्रांती आणि कामगारांशी बोलणे यांचा परिणाम कामावर होतो का, याचा अभ्यास झाला तो १९२४ ते १९३२ या काळात. ही नावे प्रशिक्षणात हमखास येतात. एम्प्रेस मिलचे नाव विदर्भातल्या प्रशिक्षणातही क्वचितच येते, याची खंत वाटते.

मुकादमीचा प्रश्न सरकारदरबारी नीट मांडला गेला तो १९३१ मध्ये, कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या अहवालात. जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, भरतीसाठी पैसे घेतो, त्याच्या हातून माणसे ठेवण्या-काढण्याचा अधिकार काढावा आणि कारखान्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, असे आयोगाने सुचवले. १९३६ च्या वेतन कायद्याने दंडावर मर्यादा घातली. १९४८ च्या कारखाने कायद्याने कल्याण अधिकारी सक्तीचा केला, पण ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच. विदर्भातल्या बहुतेक जिनिंगमध्ये एवढे कामगार कधीच नव्हते. गिरणीच्या शहरात कामगार आणि जॉबर यांच्यामध्ये एक तिसरा माणूस आला; तालुक्याच्या गावातल्या जीनमध्ये तो आलाच नाही, आणि मुकादमी जशीच्या तशी पुढे चालत राहिली.

याच काळात वर्धा जिल्ह्यात दुसरीच परंपरा आकार घेत होती. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. ते व्यवसायाने हिशेबतपासनीस होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण सार्वजनिक कामातला पैसा न पैसा लिहिलेला आणि कोणालाही पाहता येईल असा असावा, हा आग्रह त्यामुळे संस्थेच्या हाडीमाशी मुरला. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी १९४९ पासून कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन शेती आणि उद्योग उभे केले आणि ज्यांना समाजाने निकामी ठरवले होते, त्यांच्याच हाती कामाची जबाबदारी सोपवली. या संस्थांचा प्रभाव नैतिक होता आणि मोठा होता. मात्र तो संस्थेच्या कुंपणाबाहेर, रोजमजुरीच्या जगात, फारसा गेला नाही.

रोजमजुरीच्या जगात सरकार स्वतः उतरले ते १९७२ च्या दुष्काळात. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागण्याचा हक्क मिळाला, पण हजेरीपट म्हणजे मस्टर पुन्हा एका माणसाच्या काखेतच राहिले, आणि खोट्या नावांच्या, उशिरा झालेल्या मोजमापाच्या तक्रारी सुरू झाल्या. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ग्रामसभेत सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामाचा हिशेब लोकांसमोर तपासणे, आणले आणि मजुरी बँक व टपाल खात्यांतून देण्याची पद्धत रुजली. कामावर देखरेख करणाऱ्या मेटला आता मजुरी वाटायची नसते. त्याला आखणी समजावून सांगावी लागते, गट पाडावे लागतात, म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया यांना झेपेल असे काम द्यावे लागते. हाती पैसा नसताना लोकांनी ऐकावे, यासाठी लागणारे कौशल्य वेगळे असते, आणि अनेकांना ते कोणी शिकवलेलेच नाही.

उचलीची मूठ सैल केली ती बचत गटांनी. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले, नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक यांना जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि २०११ पासून राज्याच्या उमेद अभियानातून ग्रामसंघ व प्रभागसंघ हे गटांचे संघ उभे राहिले. गटाच्या बैठकीत सतरंजीवर मधोमध पेटी असते, जमा झालेली रक्कम सर्वांसमोर मोजली जाते आणि कोणाला किती कर्ज द्यायचे हे तिथेच, नाव घेऊन, ठरते. ज्या बाईने आयुष्यभर मालकाच्या वाड्यावर जाऊन उचल मागितली, ती इथे दुसरीची गरज आधी की आपली, यावर बोलायला शिकते. या गटांच्या संघावर नेमलेल्या व्यवस्थापकाची स्थिती मात्र नाजूक असते. ज्या कार्यकारिणीच्या बायांना तिने नोंदी वेळेवर का आल्या नाहीत असे विचारायचे, त्याच बाया तिचे मानधन मंजूर करतात. वयाने मोठ्या असलेल्या अध्यक्ष ताईंना चूक दाखवायची, तीही सर्वांसमोर नाही आणि टाळायचीही नाही, हे तिचे रोजचे काम आहे.

निर्णय कसा घ्यावा या बाबतीत गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण देशभर परिचित आहे. देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तिथल्या ग्रामसभेने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत जपली, विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालवले, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही स्वतःकडे घेतला. सर्वसहमतीला वेळ लागतो, कधी एकाच विषयावर बैठकीमागून बैठका होतात. पण ठरल्यानंतर काम करवून घ्यायला पहारेकरी लागत नाही, कारण नाही म्हणणाऱ्याचे म्हणणे आधीच ऐकून झालेले असते.

देखरेख म्हणजे काय, याचे या भागातले सर्वांत स्पष्ट उत्तर त्याच जिल्ह्यातून आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. थोडे शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि इंजेक्शन देणे हे सारे त्यांनी केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. या यशाचे श्रेय प्रशिक्षणाला मिळते आणि ते योग्यच आहे, पण त्यातल्या देखरेखीच्या रचनेकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. डॉक्टर ठरलेल्या अंतराने गावात जात, नोंदवही पडताळत, चुकले असेल तिथे दुरुस्त करून पुन्हा शिकवत. बाळावर उपचार करणारी व्यक्ती मात्र आरोग्यदूतच राहत असे. वरिष्ठाने येऊन काम आपल्या हाती घेतले नाही, म्हणून गावाचा विश्वास त्या बाईवर बसला. इथे काट्यावरचा आकडा मजुरी कापण्यासाठी नव्हता, तो शिकण्यासाठी होता, आणि माझ्या मते मुकादमीच्या परंपरेला मिळालेले हे सर्वांत पूर्ण उत्तर आहे.

आशा स्वयंसेविकांची योजना २००५ मध्ये आली आणि नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे काम २०११ पासून देशभर त्यांच्याकडे आले. त्यांच्यावर गटप्रवर्तक नेमल्या गेल्या. पण गडचिरोलीतला देखरेखीचा शिकवणारा भाग मागे पडला आणि अहवाल गोळा करणारा भाग वाढला. गटप्रवर्तक स्वतःही कायम कर्मचारी नाही. आशांच्या प्रत्येक आंदोलनात ती त्यांच्या बरोबरीने बसलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच आकडे मागते. तिला संघनेतृत्वाचे धडे देण्याआधी तिच्या भेटीतला किती वेळ रकाने भरण्यात जातो, हे मोजायला हवे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची तरतूद २००२ मध्ये कंपनी कायद्यात झाली. किमान पाच संचालक आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी ही त्यातली अट आहे. हा अधिकारी बहुधा कृषी पदवी घेतलेला तिशीच्या आतला तरुण असतो, आणि संचालक त्याच्या काकांच्या वयाचे. हमीभावाने सोयाबीनची खरेदी सुरू झाली की सर्वसाधारणपणे १२ टक्के ओलाव्याची मर्यादा पाळावी लागते, आणि संचालकाच्याच भावाचा माल १४ दाखवतो. अशा वेळी "काका, दाणे तुम्हीच टाका मीटरमध्ये, आकडाही तुम्हीच वाचा," असे म्हणणारा आणि प्रत्येकाला तीच रीत लावणारा तरुण टिकतो. एकदा आत नेऊन सूट देणाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी रांग लागते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या दहा हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत व्यवस्थापनाच्या खर्चासाठी प्रत्येक कंपनीला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि या अधिकाऱ्याचा पगार त्यातूनच निघतो. गावाचा विश्वास बसायला साधारण तेवढाच काळ जातो. म्हणून चौथ्या वर्षीचा पगार कुठून द्यायचा, हा विषय दुसऱ्या वर्षाच्या सर्वसाधारण सभेपुढे मांडणे हे संचालक मंडळाचे काम आहे, आणि तो मांडण्याची आठवण करून देणे हे त्या तरुणाचे.