खोक्यावरच्या टक्क्यांची पार्श्वभूमी

फोटो-संपादनासाठी मॉनिटर पाहायला गेलेल्या माणसाला आज खोक्यावर साधारणपणे तीन आकडे दिसतात: एसआरजीबी १०० टक्के, ॲडोबी आरजीबी ९९ टक्के, डीसीआय-पी३ ९५ टक्के. परीक्षेतल्या गुणांप्रमाणे ते वाचले जातात आणि तिन्ही आकडे मोठे असलेला मॉनिटर उत्तम समजला जातो. वस्तुतः पडद्याचा पल्ला, म्हणजे तो कोणकोणते रंग दाखवू शकतो, हे सांगणाऱ्या या तीन मोजपट्ट्या तीन निरनिराळ्या व्यवसायांनी आपापल्या अडचणीतून काढलेल्या आहेत, आणि त्यांपैकी एक तर चक्क चुकीतून जन्मली आहे.

तिन्ही पट्ट्या रंगांच्या ज्या आलेखावर आखल्या जातात तो मात्र एकच, १९३१ सालचा. इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षकांना स्वतंत्रपणे बसवून, लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती प्रमाणात मिसळला म्हणजे समोरचा रंग हुबेहूब जुळतो, हे मोजले होते. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने या मोजमापांवरून एक ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. म्हणजे आजही मॉनिटरचा पल्ला मोजला जातो तो मुळात सतरा जणांच्या डोळ्यांच्या आधारे. या आलेखात हिरव्या रंगांना वाजवीपेक्षा पुष्कळ जास्त जागा मिळालेली आहे. सारख्याच अंतराने रंगातला फरक सारखाच जाणवत नाही, हे डेव्हिड मॅकॲडम यांनी १९४२ मध्येच दाखवून दिले होते. तरी जाहिरातींतली टक्केवारी बहुतेक वेळा लाल, हिरव्या आणि निळ्या टोकांनी याच आलेखावर बनणाऱ्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळावरून काढलेली असते.

पहिली मोजपट्टी, एसआरजीबी, पिक्चर ट्यूबच्या काळातली आहे. ट्यूबला दिलेला व्होल्टेज दुप्पट केला तर पडद्यावरचा उजेड दुप्पट न होता पाच पटींहून अधिक वाढतो. या वाकड्या नात्याला गॅमा म्हणतात; त्याचा आकडा जितका मोठा, तितका वाकडेपणा अधिक. सुदैव असे, की माणसाचा डोळा गडद छटांमधले बारीक फरक अधिक टिपतो, त्यामुळे ट्यूबचा हा वाकडेपणा डोळ्याच्या स्वभावाला जवळजवळ उलट्या बाजूने जुळला आणि प्रत्येक रंगाला केवळ २५६ पायऱ्या देऊनही काम भागले. ट्यूबमधल्या फॉस्फरचे, म्हणजे पडद्यावर उजळणाऱ्या लेपाचे, रंग कंपनीगणिक थोडे वेगळे असत आणि वयानुसार मंदावत. सोनीने १९६८ मध्ये आणलेली ट्रिनिट्रॉन ट्यूब पुढे छपाईपूर्व कामाच्या मॉनिटरमध्ये नावाजली गेली, आणि तिच्या पडद्यावर आधारतारांच्या ज्या एकदोन पुसट आडव्या रेषा दिसत, त्याही लोकांनी सवयीने चालवून घेतल्या. त्यात ॲपलच्या मॅकिन्टॉशवर छपाईशी मेळ बसावा म्हणून गॅमा १.८ धरला जाई, तर विंडोजच्या संगणकांवर तो २.२ च्या आसपास असे. एकच फोटो एकीकडे नेमका आणि दुसरीकडे काळवंडलेला दिसे. ॲपलने १.८ सोडला तो थेट २००९ मध्ये.

१९९३ मध्ये ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी आठ जणांनी आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियम स्थापन केले, आणि प्रत्येक उपकरणाच्या रंगस्वभावाची नोंद प्रोफाइलमध्ये ठेवण्याची पद्धत रुळू लागली. परंतु इंटरनेटवरच्या प्रत्येक चित्राला प्रोफाइल जोडणे त्या काळी कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये सोपा मार्ग सुचवला: बाजारातल्या सर्वसाधारण ट्यूब-मॉनिटरचे वर्तन हेच प्रमाण मानावे. त्यासाठी हाय डेफिनिशन टीव्हीच्या मानकातले लाल, हिरवा आणि निळा जसेच्या तसे घेतले गेले, आणि १९९९ मध्ये एसआरजीबीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. एसआरजीबीचे शंभर टक्के म्हणजे, थोडक्यात, १९९६ सालच्या सामान्य पडद्याची संपूर्ण बरोबरी.

ॲडोबीची गोष्ट अधिक मजेशीर आहे. १९९८ मध्ये फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत काही तयार कलर स्पेस, म्हणजे ठरावीक पल्ल्याच्या रंगचौकटी, द्यायच्या होत्या, आणि त्यांपैकी एक टीव्हीच्या एसएमपीटीई-२४०एम या मानकावरून घेतली गेली. अभियंत्यांनी आकडे उचलले ते मानकाच्या मुख्य भागातून नव्हे, तर परिशिष्टातल्या आदर्श, प्रत्यक्षात न वापरल्या जाणाऱ्या रंगांचे. शिवाय लाल रंगाचा आकडा उतरवताना आणखी चूक झाली. चूक लक्षात आल्यावर ती सुधारण्याचे प्रयत्न झाले, पण प्रत्येक सुधारणेनंतर चार शाईंच्या छपाईतले रूपांतर आधीपेक्षा बिघडे. लोकांना तर ही चुकीची स्पेसच आवडली होती, कारण छपाईच्या निळ्या-हिरव्या शाईचे जे रंग एसआरजीबीत मावत नाहीत, त्यांतले बरेचसे हिच्यात मावत होते. अखेर आकडे तसेच ठेवून नाव बदलण्यात आले: ॲडोबी आरजीबी (१९९८). हिचे लाल आणि निळे टोक एसआरजीबीचेच आहे. सरकले आहे ते फक्त हिरवे. फोटोचे पुस्तक किंवा प्रदर्शनासाठी इंकजेट प्रिंट करणाऱ्याला या पट्टीतला फरक समुद्राच्या पाण्यात आणि पानापानांत दिसतो. लग्नाचे अल्बम छापणाऱ्या आपल्याकडच्या अनेक कलर लॅब मात्र एसआरजीबीतली जेपेगच मागतात, आणि तिथे हा जादाचा पल्ला फाइल देतानाच गळून पडतो.

एलसीडी आले तेव्हा फोटोवाल्यांनी ते बराच काळ दूर ठेवले, आणि ते योग्यच होते. टीएन या जुन्या, स्वस्त प्रकारच्या एलसीडी पॅनेलसमोर मान जराशी खाली-वर केली तरी छाया उजळत किंवा बुडत, आणि अनेक पॅनेल प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्याच दाखवून उरलेल्या हातचलाखीने भासवत. १९९६ मध्ये हिताचीने आणलेल्या आयपीएस तंत्राने बाजूने पाहतानाचा हा दोष मोठ्या प्रमाणात घालवला. पुढे २००४ च्या सुमारास जपानच्या आयझो कंपनीच्या कलरएज सीजी२२० ने ॲडोबी आरजीबीचा जवळजवळ सारा पल्ला एलसीडीवर दाखवला; किंमत अर्थातच सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्याबाहेरची होती. रुंद पल्ल्याचे पडदे स्वस्त झाल्यावर एक नवीच तक्रार सुरू झाली: प्रोफाइल न जाणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साधे एसआरजीबी फोटो भडक दिसू लागले आणि माणसांचे चेहरे उन्हात रापल्यासारखे लाल झाले. चांगल्या मॉनिटरमध्ये पल्ला मुद्दाम आक्रसणारा एसआरजीबी मोड असतो तो याचसाठी, आणि माझ्या मते खरेदीच्या वेळी टक्क्यांपेक्षा त्याची चौकशी आधी करावी.

तिसरी पट्टी सिनेमागृहातून आली. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये डिजिटल प्रोजेक्टरसाठी पी३ ठरवली, आणि ॲपलने २०१५ च्या आयमॅकपासून तिचीच एक आवृत्ती संगणकावर व पुढच्या वर्षी फोनवर आणली. आलेखावर पी३ आणि ॲडोबी आरजीबी यांची क्षेत्रफळे जवळपास सारखी असली तरी पी३ लाल-केशरीकडे अधिक पसरते आणि ॲडोबी आरजीबी हिरव्या-निळ्याकडे, त्यामुळे एकीचे ९५ टक्के दुसरीच्या कामाला येतीलच असे नाही. ‘एसआरजीबी १२५ टक्के’ असे लिहिलेले असेल तर तो केवळ क्षेत्रफळाचा भागाकार असतो. त्यात एसआरजीबीचा एखादा कोपरा सुटलेलाही असू शकतो.

एसआरजीबीच्या १९९६ च्या त्या प्रस्तावातला एक आकडा मात्र कोणी खोक्यावर मिरवत नाही. पडद्याची तेजस्विता त्यात ८० निट (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक) आणि खोलीतला उजेड ६४ लक्स, म्हणजे बराच मंद, धरलेला आहे. आजचे मॉनिटर कारखान्यातून येतात तेच अनेकदा २५० ते ३५० निटवर, आणि एचडीआरचे, म्हणजे गडद-उजळातला मोठा फरक दाखवणारे, पडदे उजळ ठिणग्यांसाठी १,००० निटच्याही पुढे जातात. एवढ्या उजेडात समाधान होईपर्यंत फोटो खाली ओढणाऱ्या माणसाच्या हाती प्रिंट काळपट येते, आणि दोष बहुधा लॅबवर जातो. छपाईसाठी काम करणारे म्हणूनच कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग-उजेड मोजणारे उपकरण, पडद्यावर टेकवून प्रथम तेजस्विता ८० ते १२० निटच्या दरम्यान उतरवतात आणि मगच रंगांकडे वळतात.